कॉर्पोरल क्लेग

'कॉर्पोरल क्लेग' हे 'पिंक फ्लॉइड' या ब्रिटिश बँडचे सायकेडेलिक रॉक (भ्रमावस्थेचा भास देणारे रॉक संगीत) शैलीतील उपहासगीत. बँडचा बासवादक रॉजर वॉटर्स याने ते रचले. जून १९६८ मध्ये आलेल्या 'अ सॉसरफुल ऑफ सीक्रेट्स' या दुसऱ्या अल्बममध्ये ते समाविष्ट असून त्याची लांबी सव्वाचार मिनिटांच्या आसपास आहे. दुसऱ्या महायुद्धात पाय गमावून घरी परतलेला क्लेग नावाचा एक सैनिक हा त्याचा नायक; कॉर्पोरल हा त्याचा हुद्दा. वॉटर्सच्या लेखनात युद्ध हा विषय पहिल्यांदा येतो तो येथे, आणि तोही चक्क विनोदी बाजाने.

ध्वनिमुद्रण १९६८ च्या सुरुवातीला लंडनमधील ईएमआय या ध्वनिमुद्रिका कंपनीच्या ॲबी रोड स्टुडिओत झाले. निर्माता होता नॉर्मन स्मिथ, म्हणजे १९६५ पर्यंत बीटल्सची गाणी ध्वनिमुद्रित करणारा तंत्रज्ञ. बँडचा म्होरक्या सिड बॅरेट तोवर मानसिकदृष्ट्या ढासळला होता आणि गिटारवादक डेव्हिड गिलमर नुकताच दाखल झाला होता. बॅरेटनंतर गाणी कोण लिहिणार, हा प्रश्न होताच. वॉटर्सने बॅरेटचा विक्षिप्त व्यक्तिचित्रांचा साचा उचलला आणि त्यात स्वतःचा राग भरला. गायनात गिलमर आणि कीबोर्डवादक रिचर्ड राइट यांच्याबरोबर ढोलवादक निक मेसनचाही आवाज आहे, जो या बँडच्या गाण्यांत क्वचितच ऐकू येतो.

क्लेगचा पाय लाकडी आहे आणि तो त्याने १९४४ च्या लढाईत 'जिंकला' आहे. पदकही आहे, रंगीबेरंगी फितीचे. पण ते त्याला प्राणिसंग्रहालयात सापडले. गाण्याचा सगळा डंख या अदलाबदलीत आहे: पराक्रमाने मिळायचे ते वाटेत पडलेले मिळते आणि जे गेले त्याची गणना बक्षिसात होते. पुढच्या कडव्यात राणीच्या हस्ते पदक मिळते खरे, पण स्वप्नात, आणि तेथे कौतुक कसले, तर बूट किती चकाचक होते याचे. पावसात छत्री घेतलेला क्लेग पूर्वीचा राहिलेला नाही, पण त्याचा दोष कुणाकडेच जात नाही, असेही गाणे सहज बोलून जाते. श्रीमती क्लेग यांना नवऱ्याचा अभिमान वाटत असेल, असे वरच्या सुरात सांगून त्यांच्यापुढे जिन या मद्याचा आणखी एक घोट धरला जातो. मधल्या संथ भागात मात्र क्लेग स्वतः बोलतो. लोकांना खरेच वाईट वाटले का, ते आपल्याला हसतील का, एवढेच तो विचारतो. थट्टा क्लेगची चालली आहे की त्याचे कौतुक करणाऱ्यांची, हे गाणे नीट ठरवत नाही. तो त्याचा कच्चेपणा मानता येईल, पण ऐकणारा अस्वस्थ होतो तो त्यामुळेच.

गिटारचा जड, किंचित ओबडधोबड ठेका सुरुवातीलाच बसतो. बिगूल वाजायला हवा तेथे काझू वाजतो. काझू हे मुलांच्या खेळण्यातले वाद्य: त्यात फुंकायचे नसते, गुणगुणायचे असते, आणि आतल्या पातळ पडद्यामुळे आवाज नाकातून आल्यासारखा फाटका निघतो. गिलमरने त्यावर लष्करी संचलनाची धून वाजवली आहे. शब्द कळत नसले तरी ही संचलनाची टवाळी आहे, हे काझू सांगतो. शेवटी आरडाओरडा, भोंगे आणि स्फोट यांचा गोंधळ माजतो. मूळ तबकडीची पहिली बाजू याच गोंगाटात संपत असे.

१९४४ हे साल वॉटर्सच्या घरचे आहे. त्याचे वडील एरिक फ्लेचर वॉटर्स हे शिक्षक होते. धार्मिक श्रद्धेपोटी त्यांनी आधी शस्त्र धरायला नकार दिला आणि लंडनवरील बॉम्बहल्ल्यांत रुग्णवाहिका चालवली. पुढे मत बदलून ते सैन्यात गेले. रॉयल फ्युजिलिअर्सच्या आठव्या बटालियनमध्ये सेकंड लेफ्टनंट असताना १८ फेब्रुवारी १९४४ रोजी इटलीतील आन्त्सिओच्या आघाडीवर ते मारले गेले. रॉजर तेव्हा पाच महिन्यांचा होता. (त्याच वर्षी जुलैत, इटलीतच, मराठा लाइट इन्फंट्रीचे यशवंत घाडगे यांना वीरमरण आले व मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचा हुद्दा नाईक, म्हणजे क्लेगच्याच बरोबरीचा.)

बँडच्या मैफलींत हे गाणे रुळले नाही. विषय मात्र वॉटर्सने सोडला नाही. 'द वॉल' (१९७९) या अल्बममध्ये युद्धात बाप गमावलेला मुलगा आहे. 'द फायनल कट' (१९८३) हा अल्बम तर वडिलांनाच अर्पण केलेला असून त्यात ब्रिटन व अर्जेंटिना यांच्यातील १९८२ च्या फॉकलंड युद्धावरचा संताप उघड आहे. तेथे काझू नाही आणि हसूही फारसे नाही. २०१२ मध्ये न्यूयॉर्कमधील एका मदतनिधी कार्यक्रमात वॉटर्सने अमेरिकेच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात उपचार घेणाऱ्या जखमी सैनिकांचा वाद्यवृंद सोबत घेऊन गायन केले.