चवथीचं ताट आणि ‘तिखट’ या शब्दाचा घोळ

चतुर्थीच्या दिवशी कोकणात सगळ्यांच्या घरी मोदकच. वाद सुरू होतो तो पुढे, गौर जेवायला बसली की.

त्याआधी ताटाबद्दल थोडं. भाद्रपदात भात शेतात उभं असतं. हळवं लवकर तयार होतं, गरवं दिवाळीच्या आसपास हाती लागतं. म्हणजे चवथीचा मोदक बहुधा गेल्या वर्षीच्या तांदळाचा. दूधदुभतं बेताचं, म्हणून सारणात खव्याऐवजी नारळ; ऊस नावापुरता, म्हणून गूळ घाटावरचा. उकडीचा मोदक उकड्या तांदळाचा होत नाही, त्याला सुरय, म्हणजे न उकडलेला तांदूळच लागतो. सिंधुदुर्गाबाहेरच्या सुनांची इथे पहिल्या वर्षी हमखास फसगत होते.

पंचमीची ऋषीची भाजी तर स्वतंत्र लेखाचा विषय. बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, हा तिचा नियम. म्हणून परसातलं अळू, सुरण, पडवळ, भेंडी, लाल भोपळा, मक्याचं कणीस आणि हिरवी मिरची. यातले शेवटचे तिन्ही जिन्नस मूळचे अमेरिका खंडातले. १६ व्या शतकात पोर्तुगीज या किनाऱ्यावर स्थिरावण्याआधी इथल्या कोणत्याही ऋषीने ते चाखले असण्याची शक्यता नाही. तरी ते भाजीत बसले आणि कोणी हरकत घेतली नाही.

हरकत येते ती गौरीच्या नैवेद्याला. रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत कितीतरी कुळांत गौर ‘तिखटाची’ असते. तिला मटण लागतं, वडे-सागोती (वडे आणि मटण-कोंबडीचा रस्सा) लागते, कुठे चिंबोरी (खेकडा) लागते. आणि शेजारच्याच घरी ती ‘गोडाची’ असते, घावन-घाटल्यावर (तांदळाची धिरडी आणि नारळाच्या रसातलं गोड) तृप्त होणारी. बाहेरचा माणूस इथे गोंधळतो, कारण या दोन शब्दांचा चवीशी संबंध नाही. मिरची घातलेली, डोळ्यांतून पाणी काढणारी काळ्या वाटाण्याची उसळ ‘गोडात’ मोडते. सौम्य रश्श्यातली सुरमई ‘तिखटात’. तिखट म्हणजे मांसमच्छी, गोड म्हणजे ते नसलेलं जेवण. दक्षिण कोकणात या गोडालाच ‘शिवराक’ म्हणतात. त्याचं भाषांतर शाकाहारी असं करतात, ते चुकीचं आहे. शाकाहारी माणूस असतो. शिवराक दिवस असतो, चूल असते, भांडी असतात. सोमवारी शिवराक असलेलं घर बुधवारी बांगडे तळतं आणि त्यात कोणाला विसंगती दिसत नाही. हा फरक कळला नाही तर ‘सणाला मांस कसं चालतं?’ हा प्रश्न पडतो. ज्यांच्याकडे ही रीत आहे त्यांना तो पडत नाही.

तिखटाच्या नैवेद्याचं समर्थन घरोघरी एकाच धाटणीचं. गौर माहेरवाशीण, तिला आवडीचं खाऊ घालायचं. कुणी सांगतं, तिच्याबरोबर शंकराचे गण येतात, मांस त्यांच्यासाठी. नैवेद्य दाखवताना गणपतीपुढे पडदा ओढतात, म्हणजे त्याचा मान राहिला आणि आईचंही पोट भरलं. माझ्या मते गण ही नंतरची सोय असावी. मूळ कारण जास्त साधं: श्रावणभर न खाल्लेलं घर आणि पावसात मिळणारं अन्न. समुद्र बंद असला तरी खाडीत चिंबोऱ्या असतात, शेताच्या बांधावर मुठे (छोटे खेकडे) मिळतात. यांत्रिक मासेमारीची सरकारी बंदी आता १ जून ते ३१ जुलै अशी असते. जुन्या लोकांचा समुद्र नारळी पौर्णिमेला नारळ पडल्यावरच उघडायचा. गौर त्यानंतर तीनेक आठवड्यांनी येते, म्हणजे मासळी बाजारात परतलेली असते.

तरीही गेल्या तीसेक वर्षांत काही तिखटाच्या गौरी गोडाच्या झाल्या आहेत. कोणी कुळाच्या बैठकीत ठरवलं, कोणी गुपचूप केलं. एकदा बदललेली गौर परत तिखटावर आणणं जवळपास अशक्य, कारण मग कोप होईल अशी भीती. उलट दिशेची भीती मात्र कोणाला वाटली नाही, हे नोंदवायला हवं. ताटही फारसं बदललं नाही: तेच वडे, तेच भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण, फक्त मटणाच्या जागी काळे वाटाणे.

यामागे श्रद्धा किती आणि मुंबई किती, हे सांगणं कठीण. गणपतीला गिरणीतून रजा काढून येणारा चाकरमानी हा या सणाचा अर्धा खर्च होता. वाडीत बोकड कापला जायचा, घरटी वाटे पडायचे, हिशोब त्याच्या खिशातून. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि ती मनीऑर्डर आटत गेली. पुढे २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. माणसं पुन्हा गर्दीने येऊ लागली, पण वेगळ्या सवयी घेऊन. खव्याचे मोदक दादरच्या खोक्यातून आले, तयार पिठी आली, आणि कॉलनीतल्या हळदीकुंकवात ‘तुमच्याकडे गौरीला मटण?’ असं विचारलं गेलेल्या सुनाही आल्या. त्या प्रश्नाचं वजन कोणत्याही शास्त्रापेक्षा जास्त ठरलं, असं मला वाटतं.

शिवाय दीड दिवसाचा गणपती करून परतणारे वाढले. गौर येते तेव्हा त्यांची गाडी पनवेल ओलांडून गेलेली असते. ताट गावात राहिलेल्या बायकांच्या हाती. मटणाचा वाटा सांगायचा की काळे वाटाणे भिजत घालायचे, हे बऱ्याच घरांत आता आदल्या रात्री फोनवर ठरतं.