लेव्हल मीटर की स्पेक्ट्रम? स्पीकरवरचे दिवे नक्की काय दाखवतात

मागच्या गणपतीत कोपरखैरण्याला आमच्या शेजारच्या मुलाने मखराजवळ ठेवायला घरीच स्पीकर बनवला. तो नववीत आहे. प्लायवुडची पेटी, चार इंची दोन स्पीकर, पुढे एक छोटा माईक आणि दहा एलईडींची उभी रांग. आदल्या रात्री बाजाच्या पेटीवर आणि मोबाईलवरच्या गाण्यांवर दिवे सुरेख वर-खाली होत होते. आरतीला मात्र सगळ्यांच्या हातात झांजा आल्या आणि दहाच्या दहा दिवे पेटले ते पेटलेच. आरती संपेपर्यंत एकही खाली आला नाही. "काकू, नाचतच नाहीयेत हो, नुसते पेटून राहिलेत," म्हणाला. चेहरा एवढासा झाला होता.

मी पेटी उघडून पाहिली. एकही जोडणी चुकलेली नव्हती, सोल्डरिंग तर माझ्यापेक्षा नीटस होतं. त्याने बनवला होता लेव्हल मीटर आणि त्याच्या मनात होता स्पेक्ट्रम. हा घोटाळा इतक्या जणांचा होतो की सविस्तर लिहायलाच हवं. बाहेरून दोन्हींत गाण्यावर हलणाऱ्या दिव्यांचे खांबच दिसतात आणि दुकानातही दोन्हींना 'म्युझिक लाईट' म्हणूनच मागितलं जातं.

लेव्हल मीटर एकच गोष्ट मोजतो: या क्षणी आवाज किती आहे. तो तबल्याचा आहे, झांजेचा आहे की कुकरच्या शिट्टीचा, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. स्पेक्ट्रम त्याच आवाजाची फोड करतो. त्यात खर्जाचं किती, मधलं किती, वरचं किती, हे वेगवेगळ्या खांबांवर दाखवतो.

फरक डोळ्यांनी पाहायचा असेल तर घरातली बाजाची पेटी घ्या. काळी एकचा मधला सा धरून ठेवा आणि भाता हळू, मग जोरात मारा. लेव्हल मीटरचा खांब भात्याबरोबर चढेल आणि उतरेल. आता भाता एकसारखा ठेवून मंद्र सा, मधला सा, तार सा असे वाजवा. लेव्हल मीटर जवळजवळ जागचा हलणार नाही. स्पेक्ट्रमवर मात्र उजेड डावीकडून उजवीकडे सरकेल, कारण काळी एकचा मंद्र सा सुमारे १३९ हर्ट्झचा (म्हणजे सेकंदाला तितकी कंपनं), मधला २७७ चा आणि तार ५५४ चा. एका सुराला एकच खांब पेटेल असं मात्र समजू नका. पेटीच्या सुरात मूळ कंपनाच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनंही भरपूर असतात, त्यामुळे शेजारचे दोन-तीन खांबही उठतात. शीळ घातली तर उजेड बराच एका जागी गोळा होतो.

लेव्हल मीटरची परंपरा जुनी आहे. अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीज आणि सीबीएस, एनबीसी या रेडिओ कंपन्यांनी १९३९ च्या सुमारास मिळून व्हीयू मीटर ठरवला. त्याची सुई मुद्दाम संथ ठेवलेली असते, पूर्ण चढायला ०.३ सेकंद घेते. त्यामुळे ती ठोक्यांची टोकं सोडून आवाजाची सरासरी दाखवते. आपल्या दहा दिव्यांच्या रांगेला लोक व्हीयू मीटर म्हणतात खरं, पण तिथे सुई नाही आणि संथपणाही नाही.

त्या रांगेमागे बहुतेक वेळा एलएम ३९१५ ही अठरा पायांची चिप असते. तिची प्रत्येक पायरी ३ डेसिबलची आहे. म्हणजे सिग्नलचा व्होल्टेज निम्मा झाला, ६ डेसिबल उतरला, तरी वरचे दोनच दिवे विझतात. तिची जुळी बहीण एलएम ३९१४ समान पायऱ्यांची आहे, तिथे व्होल्टेज निम्मा झाला की पाच दिवे गेले. दिसायला दोघी सारख्या, पण आवाजासाठी ३९१५ च घ्या. आपला कानही आवाज पटींमध्येच ऐकतो, म्हणून तिची चाल गाण्याशी जुळलेली वाटते. चिपचा नववा पाय सप्लायला जोडला की खालपासून वरपर्यंत पूर्ण खांब पेटतो, मोकळा सोडला की एकच ठिपका पळतो. खांब हवा असेल तर दिव्यांना ५ व्होल्ट द्या. १२ व्होल्टवर दहाही दिवे पेटले की उरलेली ताकद चिपलाच पचवावी लागते आणि ती चांगलीच तापते.

स्पेक्ट्रम समजायला स्वयंपाकघरातल्या चाळण्या आठवा. मैद्याची वेगळी, रव्याची वेगळी, धान्याची वेगळी. एकच आवाज सात चाळण्यांतून गाळायचा आणि प्रत्येक चाळणीखाली एकेक लेव्हल मीटर ठेवायचा, झाला स्पेक्ट्रम. एमएसजीईक्यू ७ नावाची आठ पायांची इवलीशी चिप नेमकं हेच करते. तिच्या सात चाळण्या ६३, १६०, ४००, १०००, २५००, ६२५० आणि १६००० हर्ट्झवर बसवलेल्या आहेत. आर्डुइनोने, म्हणजे प्रोग्रॅम भरता येणाऱ्या छोट्या बोर्डाने, एका पायाला टिचकी मारत जायचं, चिप एकेका चाळणीचा आकडा पुढे करत जाते. ढोलाचा ठोका पहिल्या दोन खांबांत दिसतो, गाणाऱ्याचा गळा मधल्या तिघांत आणि झांजा शेवटच्या दोघांत. त्या मुलाच्या डोक्यात हेच चित्र होतं.

चाळण्यांचं काम गणितानेही होतं. कुठलाही आवाज साध्या लहरींत उलगडता येतो ही कल्पना फ्रेंच गणितज्ञ फुरिएची, त्याचा ग्रंथ १८२२ चा. ते गणित झटपट करायची जी रीत आज सगळीकडे वापरतात ती कूली आणि टुकी यांनी १९६५ मध्ये मांडली, तिला एफएफटी म्हणतात. आर्डुइनोच्या उनो या नेहमीच्या बोर्डावर ती चालते, पण एक अडचण मी अनेकांच्या पेट्यांत पाहिली आहे. उनो नेहमीच्या पद्धतीने सेकंदाला सुमारे ९६०० वेळाच आवाज वाचतो. त्यामुळे ४८०० हर्ट्झच्या वरचं त्याला खरं दिसतच नाही. झांजेची किणकिण तर त्याच्याही वरपर्यंत जाते. ती नाहीशी झाली असती तरी चाललं असतं, पण ती दुमडून खालच्या खांबांत खोटी उमटते. ढोल वाजत नसतानाही डावीकडचे खांब उड्या मारतात आणि माणूस सोल्डरिंग तपासत बसतो. सात खांबांवर भागत असेल तर एमएसजीईक्यू ७ घ्या, जास्त खांब हवे असतील तर ईएसपी ३२ हा जास्त वेगवान बोर्ड.

ईएसपी ३२ घेतला तरी एक देवाणघेवाण करावीच लागते. सेकंदाला ४०,००० वाचनं घेऊन त्यातली ५१२ एका वेळी गणिताला दिली तर सुमारे १३ मिलिसेकंदांत उत्तर मिळतं, पण एकेक खांब ७८ हर्ट्झ रुंद होतो. तबल्याचा डग्गा आणि ढोल मग एकाच खांबात कोंबले जातात. २०४८ वाचनं घेतली तर खांब २० हर्ट्झचा होतो, मात्र थांबावं लागतं ५१ मिलिसेकंद. द्रुत लयीत तो उशीर डोळ्यांना जाणवतो. लावणीची ढोलकी पाहायची असेल तर मी रुंद खांब पत्करीन.

आता आवाज कुठून घ्यायचा, कारण दोन्हींची नाडी तिथेच आहे. व्हॉल्यूमच्या नॉबच्या आधी सिग्नल घेतला तर आवाज कमी केला तरी दिवे पूर्ण जोमाने चालतात. रात्री दहानंतर आवाज बारीक करून आरास तशीच ठेवायची असेल तर हे फार कामाचं. स्पेक्ट्रमसाठी हेच उत्तम. लेव्हल मीटर मात्र अशा वेळी खोलीतला आवाज दाखवत नाही, रेकॉर्डिंगमधला दाखवतो. खोलीतला हवा तर माईकच लावायला हवा. पण माईक घेताना त्याचं नाव वाचा. मॅक्स ९८१४ चा माईक लोकप्रिय आहे, तो हळू आवाज आपोआप मोठा करतो आणि मोठा दाबतो. स्पेक्ट्रमला ही मदत होते, लेव्हल मीटरला मारक ठरते. जे मोजायचं तेच त्याने आधी सपाट करून टाकलेलं असतं.

आणि एक इशारा, दोन्हींसाठी. पॅम ८४०३ सारख्या छोट्या अ‍ॅम्प्लिफायरमधून स्पीकरकडे जाणाऱ्या दोन्ही तारा जिवंत असतात, त्यांतली एकही ग्राउंड नसते. काळी तार दिसली म्हणून ती दिव्यांच्या सर्किटच्या ग्राउंडला जोडली तर अ‍ॅम्प्लिफायर जळू शकतो. सिग्नल त्याच्या आत जाणाऱ्या बाजूने घ्या. रंगीत डब्ल्यूएस २८१२ पट्टी लावणार असाल तर प्रत्येक दिवा पूर्ण पांढऱ्या उजेडात ६० मिलीअँपिअरपर्यंत खातो, म्हणजे साठ दिव्यांना साडेतीन अँपिअरच्या वर. तो भार आर्डुइनोवर टाकू नका, वेगळा सप्लाय द्या आणि त्याच्या तोंडाशी १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बसवा. नाहीतर दिव्यांची किरकिर स्पीकरमधून ऐकू येते.

त्या मुलाकडे विसर्जनाला तीन दिवस होते. नवी चिप आणायची तर ठाण्याहून दादर, तिथे गाडी बदलून ग्रँट रोड, मग लॅमिंग्टन रोड. गणपतीच्या गर्दीत त्याची आई त्याला सोडायला तयार नव्हती. मी त्याला घरातल्याच दोन वस्तू दिल्या: १० किलोओहमचा एक रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर. माईक आणि चिपच्या मधे रेझिस्टर, त्याच्यापुढे कपॅसिटर ग्राउंडला. ही एकच चाळणी, १५९ हर्ट्झची. शंभर हर्ट्झचा ठोका तिच्यातून जेमतेम दीड डेसिबल गमावून जातो, अर्धीच पायरी. पाच हजार हर्ट्झची किणकिण मात्र ३० डेसिबल घसरते. ३ डेसिबलची एक पायरी, म्हणजे दहा पायऱ्या, म्हणजे सगळी शिडी.

माईकचा प्रीसेट, म्हणजे त्याचा जोर ठरवणारा छोटा स्क्रूही थोडा उतरवला. संध्याकाळच्या आरतीला झांजा तितक्याच जोरात होत्या. त्याचे बाबा मृदंग घेऊन बसले होते, आणि दिव्यांचा खांब त्यांच्या डाव्या हाताबरोबर चढत होता, थाप संपली की खाली येत होता. आरती म्हणायचं सोडून तो मुलगा तेवढंच पाहत उभा होता. यंदा त्याला सातही खांब हवे आहेत. एमएसजीईक्यू ७ आम्ही आषाढातच आणून ठेवली आहे.