कागदी घोडेस्वार (टेबलटॉप रोलप्लेइंग खेळ)

टेबलटॉप रोलप्लेइंग खेळांत (टेबलाभोवती बसून एकेका पात्राची भूमिका घेत खेळायच्या खेळांत) घोड्यावर किंवा अन्य प्राण्यावर स्वार झालेले पात्र पटावर दाखवण्यासाठी जाड कागदावर छापून, कापून उभी केलेली आकृती. पायी चालणाऱ्या पात्राची अशी आकृती करणे सोपे असते. स्वाराची मात्र अवघड, कारण घोडा आणि स्वार नजरेला एक दिसले तरी खेळाच्या नियमांत ते दोन वेगळे जीव आहेत.

कागदी सैनिकांची परंपरा या खेळांहून फार जुनी आहे. फ्रान्समधील स्ट्रासबर्गला अठराव्या शतकापासून पायदळ-घोडदळाचे छापील तक्ते निघत. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (१९७४) हा खेळ ‘चेनमेल’ (१९७१) या मिनिएचरच्या (छोट्या पुतळ्यांच्या) युद्धखेळातून वाढला, त्यामुळे पटावर आकृत्या मांडण्याची सवय त्याच्याबरोबरच आली. पुढे १९८०च्या दशकात स्टीव्ह जॅक्सन गेम्स या कंपनीने ‘कार्डबोर्ड हीरोज’ ही रंगीत पुठ्ठ्याच्या आकृत्यांची मालिका काढली. आता तक्ते बहुधा घरीच छापले जातात.

पहिली अडचण जागेची. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये पटावरचा एक इंची चौकोन म्हणजे पाच फूट. माणसाला एक चौकोन पुरतो, घोड्याला नाही. त्याच्या २०००च्या तिसऱ्या आवृत्तीत घोडा पाच बाय दहा फूट जागा घेई, म्हणजे लांबट दोन चौकोन. २००३च्या सुधारित नियमांनी त्याला दहा बाय दहा फूट, म्हणजे चार चौकोन दिले. घोडा काही इतका रुंद नसतो, पण त्याचे तोंड कुठे आहे हा वाद मिटला आणि दोन इंची चौरस बैठक (आकृतीचा तळ) रूढ झाली. ‘गर्प्स’ या दुसऱ्या रोलप्लेइंग खेळात पट षटकोनी घरांचा असून घोडा ओळीने तीन घरे व्यापतो. कागदी घोड्याला हीच मांडणी अधिक शोभते.

दुसरी अडचण चित्राची. माणूस समोरून काढला तरी ओळखू येतो, पण समोरून काढलेल्या घोड्याची नुसती छाती आणि तोंड दिसते. म्हणून घोडा बाजूने काढतात. मागच्या अंगाला तेच चित्र आरशातल्यासारखे उलटे छापले, की उजव्या हातातली तलवार डाव्या हातात जाते. चांगला चित्रकार दोन्ही बाजू स्वतंत्र काढतो, आणि तक्ता निवडताना आधी हेच पाहावे.

खरी कसोटी स्वार उतरतो तेव्हा लागते. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीत घोड्यावर चढायला किंवा उतरायला स्वाराची त्या पाळीतली निम्मी चाल खर्ची पडते. घोडा कोसळला तर तिच्या २०१४च्या मूळ नियमांत स्वार प्रतिक्रिया (आपल्या पाळीबाहेरची झटपट कृती) वापरून पायांवर उतरू शके. घोडा आणि स्वार एकाच तुकड्यावर छापलेले असतील तर हे दाखवताच येत नाही. काही जण पायी आकृतीच घोड्याच्या बैठकीवर कोपऱ्यात उभी करतात. काम भागते, पण स्वारी दिसत नाही. त्याहून उत्तम म्हणजे स्वार वेगळा छापावा, डोक्याशी घडी घालून कमरेपर्यंतच चिकटवावा आणि पायांचे दोन पदर सुटे ठेवावेत. मग तो घोड्याच्या पाठीवर खरोखर मांड टाकून बसतो. उतरल्यावर त्याच्या जागी पायी आकृती ठेवावी.

दोनशे ते अडीचशे जीएसएमचा (चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचा) कागद चालतो. पातळ गोंदाने तो वाकतो, म्हणून ग्लू स्टिक बरी. पंख्याच्या वाऱ्याने घोडा आडवा होऊ नये म्हणून बैठकीखाली लोखंडी वायसर चिकटवतात. चढ-उताराने स्वाराचे पाय सैल पडतात, तेव्हा तेवढा स्वार पुन्हा छापला की झाले.