फळांच्या गोड-तिखट मॅरिनेडमधले पोर्क

डुकराचे मांस शिजवण्याआधी फळांचा रस किंवा गर, मिरची, मीठ, आले, लसूण यांच्या मिश्रणात मुरत ठेवण्याची पाकपद्धती. पोर्कची चव मुळात सौम्य आणि किंचित गोडसर असल्याने फळाची गोडी त्यात सहज मिसळते, तर फळाच्या आंबटपणामुळे चरबीचा ओशटपणा जाणवत नाही. मिरचीतले कॅप्सेसिन पाण्यात फारसे विरघळत नाही, तेला-चरबीत विरघळते. म्हणून मॅरिनेडमध्ये चमचाभर तेल घातले की तिखट सगळ्या तुकड्यांना सारखे लागते.

फळ निवडताना चवीच्याही आधी ते मांसाचे काय करते हे पाहावे लागते. ताज्या अननसात ब्रोमेलेन, पपईत पपेन, किवीत ॲक्टिनिडिन ही प्रथिने तोडणारी एंझाइम असतात. पपेन पिकल्या पपईपेक्षा कच्चीच्या चिकात कितीतरी जास्त. ताजा अननस घातलेली जिलेटिनची जेली घट्ट होत नाही ती ब्रोमेलेनमुळेच. मांस मऊ होते तेही याच गुणाने, पण हे काम योग्य वेळी आपणहून थांबत नाही. पातळ काप ताज्या अननसाच्या रसात रात्रभर राहिले, तर सकाळी वरचा थर बोटाने पुसला तरी पिठासारखा निघून येतो, आणि तव्यावर टाकल्यावर त्याला ना चावा उरतो ना रंग येतो. अशा कापांना अर्धा तास पुष्कळ झाला. रस आधी उकळून गार केला, किंवा डबाबंद अननस वापरला, तर उष्णतेने एंझाइम निकामी झालेले असते आणि उरते फक्त आंबट-गोड चव. संत्रे आणि सफरचंद यांत हा गुण जवळजवळ नाही. आल्यात मात्र आहे, हे बरेचदा विसरले जाते.

मॅरिनेड मांसात आतपर्यंत झिरपते हा समज चुकीचा आहे. मसाल्याचा स्वाद आणि फळाची साखर पृष्ठभागापासून काही मिलिमीटरच आत जातात. खोलवर पोचते ते मीठ, तेही सावकाश. त्यामुळे जाड तुकड्याला आदल्या रात्री नुसते मीठ चोळून ठेवणे आणि फळ शेवटच्या तास-दोन तासांत लावणे, हीच रीत सर्वांत भरवशाची. मुरवण फ्रिजमध्येच ठेवायचे आणि भांडे काचेचे किंवा स्टीलचे घ्यायचे, कारण आंबट रसाची ॲल्युमिनियम व तांब्याशी रासायनिक क्रिया होते.

खांदा आणि बरगड्या यांत कोलॅजेन, म्हणजे मांस चिवट करणारे प्रथिन, भरपूर असते. ते मंद आचेवर काही तासांत विरघळून जिलेटिन होते, म्हणून या भागांना एंझाइमची गरजच नसते.

खरी कसोटी आचेवर लागते. फळातले फ्रुक्टोज (फळांतली साखर) सुमारे ११० अंश सेल्सिअसलाच तांबूस होऊन कॅरमल बनू लागते, तर साध्या साखरेला १६० च्या आसपास तापमान लागते. ओले मांस थेट तापल्या जाळीवर ठेवले तर बाहेरून काळे आणि आतून कच्चे राहते. म्हणून वरचे मॅरिनेड निपटून मांस आधी कोरडे भाजतात. निपटलेले मॅरिनेड कच्च्या मांसाला लागलेले असल्याने ते खळखळून उकळून आटवतात. पातळ, भरभर फुटणारे बुडबुडे मोठे आणि संथ झाले, चमच्याच्या पाठीवर रस चिकटून राहिला, की ते तयार. शेवटच्या आठ-दहा मिनिटांत ब्रशने त्याचे दोन-तीन पातळ हात फिरवले की लालसर चकाकी येते.

अखंड तुकड्याच्या मध्यभागी ६३ अंश तापमान आणि नंतर तीन मिनिटांची विश्रांती पुरेशी असते. खिम्याला ७१ अंश लागतात. अमेरिकेच्या कृषी खात्याने अखंड तुकड्यांसाठीची ७१ अंशांची जुनी मर्यादा २०११ मध्ये ६३ वर आणली. या तापमानाला मध्यभागी फिकट गुलाबी छटा राहते. ती कच्चेपणाची खूण नव्हे, आणि ती घालवण्यासाठी आणखी शिजवले तर मुरवून कमावलेला रसाळपणा आचेवरच निघून जातो.