ग्रुपमधले सदस्य आणि संस्थेचे सभासद: फरक कुठे पडतो

अनेक संस्थांच्या अहवालात हल्ली सदस्यसंख्या वाचून चकित व्हायला होतं. खोलात गेलं की कळतं, त्यातले बहुतेक जण ऑनलाइन ग्रुपवर आहेत. वर्गणी भरून नोंदवहीत नाव लागलेले सभासद मूठभरच. ग्रुपवरची मंडळीही कामाची असतात, कित्येकदा सभासदांपेक्षा जास्त. पण संस्थेशी त्यांचं नातं वेगळ्या जातीचं आहे, आणि दोन्ही नाती एकत्र धरण्याचा घोळ संस्थांना महागात पडतो आहे.

सभासद कोण, हे घटनेत लिहिलेलं असतं. अर्ज, वर्गणी, कार्यकारिणीची मंजुरी, मग नोंदवहीत नाव. त्या बदल्यात मत देण्याचा, हिशेब मागण्याचा आणि निवडणुकीला उभं राहण्याचा हक्क. त्याला काढायचं तर नोटीस द्यावी लागते, त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. ग्रुपचं तसं नाही. लिंक उघडली की आत, ॲडमिनच्या मनात आलं की बाहेर.

ठराव करायची वेळ आली की हा फरक उघडा पडतो. समजा संस्थेच्या निधीतून मोठी रक्कम खर्च करायची आहे. रात्री कोणीतरी ग्रुपवर टाकतो, "सगळ्यांना मान्य आहे ना?" पाठोपाठ अंगठे येतात, जोडलेले हात येतात, मध्येच कोणाला तरी वाढदिवसाच्या शुभेच्छाही येतात. सकाळी सचिव सांगतात, ठराव झाला. पण अंगठा देणाऱ्यांत सभासद किती, वर्गणी थकलेले किती आणि नुसते ग्रुपवर असलेले किती, हे कोणालाच सांगता येत नाही. जे गप्प राहिले त्यांनी वाचलंच नाही, की त्यांना पटलं नाही, की वाद नको म्हणून सोडून दिलं, हेही कळायला मार्ग नाही. ग्रुपवर गप्प राहणं संमतीत धरलं जातं. सभेत आधी गणपूर्ती पाहतात, मग सूचक कोण, अनुमोदक कोण, बाजूने किती, विरुद्ध किती, तटस्थ किती, हे सगळं इतिवृत्तात उतरतं. काम कंटाळवाणं आहे, मान्य. पण पुढे कधी कोणी "हे पैसे कोणाला विचारून खर्च केलेत?" असं विचारलं, तर उत्तर त्या कंटाळवाण्या पानावरच सापडतं.

ऑनलाइन जमावाला सभेसारखे नियम लावून पाहिल्याचं एक मोठं उदाहरण आहे. 2009 मध्ये फेसबुकने वापरकर्त्यांना नियमांवर मत देण्याची सोय दिली. किमान 30 टक्के सक्रिय वापरकर्त्यांनी मतदान केलं तरच निकाल कंपनीवर बंधनकारक, अशी अट होती. डिसेंबर 2012 मध्ये जे बदल मतदानाला आले त्यांत ही सोयच काढून टाकण्याचा प्रस्ताव होता. सुमारे 6 लाख 68 हजार मतं पडली, आणि त्यातली जवळपास 88 टक्के बदलांच्या विरोधात होती. पण वापरकर्ते तेव्हा 1 अब्जाच्या वर गेले होते. निकाल बंधनकारक व्हायला 30 कोटींहून जास्त मतं लागली असती. मतदानाची सोयच बंद झाली. लोक बेफिकीर होते, असा अर्थ मी यातून काढणार नाही. ही जागा आपली आहे असं ज्यांना कधी वाटलंच नव्हतं, ते मत द्यायला कशाला धावतील? वर्गणीचं खरं काम इथे लक्षात येतं. तिजोरीत पैसे येतात ते आहेच, पण भरणाऱ्याला आपण इथले आहोत असं वाटतं, ते जास्त मोलाचं.

आता बदल कसा होतो आहे ते पाहा. पूर्वी वर्गणीच्या बदल्यात अंक घरी यायचा, सभासदांची सूची मिळायची, संमेलनात ओळखी व्हायच्या, अडलेल्या प्रश्नाला जाणकार भेटायचा. यातलं बहुतेक आज ग्रुपवर फुकट मिळतं, तेही काही मिनिटांत. मग वर्गणी कशासाठी, हा प्रश्न रास्त आहे. त्यावर सवलती आणि भेटवस्तू जाहीर करणाऱ्या संस्था चुकीच्या बाजूला खेचल्या जात आहेत असं मला वाटतं. फायद्यांच्या शर्यतीत फुकटाशी कोणी जिंकत नाही. ग्रुप देऊ शकत नाही ती गोष्ट म्हणजे हक्काचा वाटा, आणि संस्थेने तोच पुढे करायला हवा.

उलट दिशेचा प्रवास मला जास्त शिकवणारा वाटतो. ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून बनवलेला जगाचा नकाशा 2004 मध्ये सुरू झाला. त्याची फाउंडेशन 2006 मध्ये नोंदली गेली. नकाशात भर घालायला फक्त खातं लागतं, फाउंडेशनचा सभासद व्हायला मात्र वर्षाला 15 पौंड वर्गणी ठेवली होती. म्हणजे वर्षानुवर्षं रस्ते आणि इमारती नोंदवणाऱ्या माणसाला, वर्गणी भरली नाही म्हणून मत नाही. शिवाय 2018 मध्ये संचालकांच्या निवडणुकीच्या तोंडावर एकाच कंपनीतून सभासदत्वाचे 100 अर्ज एकदम आले, आणि पैसे भरून मतं गोळा करता येतात ही भीती खरी वाटू लागली. 2020 पासून त्यांनी नवी वाट काढली: गेल्या वर्षभरात किमान 42 दिवस नकाशावर काम केलं असेल, तर वर्गणीशिवाय सभासदत्व. कामाला मताचं वजन मिळालं, आणि तरीही अर्ज आणि नोंद सुटली नाही.

डेबियन या स्वयंसेवकांनी चालवलेल्या संगणक-प्रणालीच्या प्रकल्पाने तर 1998 मध्येच स्वतःची घटना मंजूर केली. तिथे नुसता वापरणारा आणि मताधिकार असलेला डेव्हलपर यांत स्पष्ट रेघ आहे, आणि प्रकल्पाचा नेता दर वर्षी निवडला जातो. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने नेमकं उलट केलं: 2006 मध्ये नियमावलीतून सभासदत्वच काढलं. विश्वस्त मंडळाच्या काही जागांसाठी संपादक मतदान करतात, पण संस्थेचे सभासद म्हणून नाही. मला डेबियनची रीत पटते. विकिमीडियाच्या रीतीत वाद पेटला की संपादकांच्या हाती कायदेशीर असं फारसं काही उरत नाही.

यादी कोणाच्या हातात आहे, याकडे तर बहुतेकांचं लक्षच नसतं. इटलीतल्या फाइव्ह स्टार मूव्हमेंट या पक्षाची सभासद यादी आणि मतदान 'रूसो' नावाच्या ऑनलाइन मंचावर होतं, आणि मंच चालवणारी संघटना पक्षाहून वेगळी होती. 2021 मध्ये दोघांचं पैशांवरून बिनसलं आणि संघटना यादी देईना. पक्षाला नवा नेता निवडायचा होता, पण मतदारांची यादीच हाती नव्हती. शेवटी जूनमध्ये देशाच्या माहिती-संरक्षण प्राधिकरणाला आदेश काढावा लागला. याहू ग्रुप्स या ऑनलाइन ग्रुपच्या सेवेवर विसंबलेल्यांना तर अशी दादही मागता आली नाही: डिसेंबर 2019 मध्ये साठवलेला मजकूर काढायचं ठरलं आणि डिसेंबर 2020 मध्ये सेवाच बंद झाली.

म्हणून नोंदवही संस्थेकडेच हवी, तिची ताजी प्रत ग्रुपच्या बाहेर हवी. चर्चा ग्रुपवर खुशाल रंगू द्या, बाहेरच्यांनाही बोलू द्या, त्यातून चांगल्या सूचना येतात. मत मात्र नोंदवहीतल्या नावांकडूनच घ्या. आणि कार्यकारिणी बदलली की शिक्के, दप्तर, बँकेतल्या सह्या नव्या मंडळींकडे जातात, पण ॲडमिनपद जुन्याच माणसाच्या फोनवर राहतं. पदभार सोपवण्याच्या यादीत तेही लिहा.