वॉर्डातल्या कामाचा हिशोब मागताय? अर्ज कुठं अडतो ते आधी बघा

चांगले बसलेले गट्टू, म्हणजे पेव्हर ब्लॉक, उखडायचे, त्याच गल्लीत परत गट्टू बसवायचे आणि ठेका कुणाच्या तरी भाच्याला. असलं ऐकायला सोलापुरात लांब जावं लागत नाही, बाळीवेशीत चहाच्या गाड्यावर पाच मिनिटं उभं राहिलं तरी पुरतं. मोठ्या प्रकरणांना पेपरवाले असतात. परिवहनच्या नव्या बसच्या चेसिसला तडे गेले आणि त्या डेपोत उभ्या राहिल्या, हे अख्ख्या गावानं वाचलं. तुमच्या गल्लीतल्या चाळीस मीटर गट्टूंची बातमी मात्र कुणी छापत नाही. तो कागद आपला आपणच मागायचा, माहितीच्या अधिकारात.

मी लोकांना हे अर्ज लिहून देतो. फुकटच देतो, त्यामुळं गर्दी असते. परत आलेले अर्ज घेऊन येणारेही बरेच असतात, आणि ते वाचले की कळतं, बहुतेकांनी अर्जाच्या कागदावर तक्रार लिहिलेली असते. "भ्रष्टाचार झाला आहे, चौकशी करावी" हे वाक्य दिसलं की समोरच्याचं काम सोपं होतं. "मागणी माहितीच्या व्याख्येत बसत नाही" असा शिक्का मारायचा, अर्ज निकाली. माहिती अधिकार म्हणजे दप्तरात असलेल्या कागदाची प्रत मागायचा अधिकार. चौकशीचा अर्ज वेगळा, तो आयुक्तांच्या नावानं वेगळ्या कागदावर करा.

अर्ज कोण करू शकतं? भारताचा कुठलाही नागरिक. इथंच पहिला माणूस पडतो, कारण तो मंडळाच्या लेटरहेडवर लिहितो. "अमुक तरुण मंडळातर्फे, अध्यक्ष" असं लिहिलंत की अर्ज संस्थेचा ठरवता येतो, आणि कलम 3 प्रमाणे हक्क नागरिकाला आहे. साध्या कागदावर स्वतःच्या नावानं लिहा, सोबत ओळखपत्राची सही केलेली झेरॉक्स जोडा म्हणजे नागरिकत्वावरून वाद नको. माहिती कशासाठी हवी, हे सांगायची गरज नाही. कलम 6(2) मध्ये तसं स्पष्ट आहे. काउंटरवर "कशाला पाहिजे मालक?" असं विचारलं तर हसून गप्प बसा. पूर्व भागातल्या ज्या अण्णा-अक्कांना तेलुगू बोलता येतं पण मराठी लिहिता येत नाही, त्यांचं तोंडी म्हणणं लिहून घ्यायला मदत करणं ही कायद्यानं माहिती अधिकाऱ्याची जबाबदारी आहे. विडी घरकुलातल्या एका अक्कांना एका कार्यालयात "लिहून आणा" म्हणून दोनदा परत पाठवलं होतं. तिसऱ्यांदा त्यांनी कलम 6(1) असा आकडा लिहिलेली चिठ्ठी पुढं केली, तेव्हा खुर्ची मिळाली.

नमुना जोडपत्र 'अ'. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, किंवा रोख भरून पावती घ्या. दारिद्र्यरेषेखाली असाल तर शुल्क माफ, पण अधिकृत दाखल्याची प्रत जोडावी लागते, नुसतं लिहून भागत नाही. पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. एवढं झालं की अर्ज दाखल.

आता खरी अडचण, जिच्यापायी निम्मी मेहनत वाया जाते. कामाचं नाव. तुम्ही म्हणता "आमच्या गल्लीतला रस्ता". महापालिकेच्या दप्तरात तुमची गल्ली नसते. तिथं काम असतं "प्रभाग क्र. अमुक मध्ये अमुक यांच्या घरापासून तमुक यांच्या घरापर्यंत अंतर्गत रस्ता काँक्रिटीकरण करणे". आणि हा अमुक बरेचदा तुमच्या ओळखीचाही नसतो, घर विकून जुळे सोलापूरला गेलेला असतो. "आमच्या गल्लीतला" असं लिहिलेल्या अर्जाला "माहिती संदिग्ध असल्याने देता येत नाही" हे उत्तर ठरलेलं. म्हणून आधी नाव शोधा. काम चालू असेल तर कामाच्या ठिकाणच्या फलकाचा फोटो काढून ठेवा. तो फलक काम संपता संपता गायब होतो, याचा अनुभव घेतलाय. ई-निविदा निघाली असेल तर महाटेंडर्सच्या संकेतस्थळावर सोलापूर महानगरपालिका निवडून कामांची नावं बघता येतात. यातलं काहीच हाती लागलं नाही तर पहिला अर्ज फक्त यादीसाठी करा: अमुक प्रभागात अमुक आर्थिक वर्षात मंजूर झालेल्या कामांची यादी, अंदाजित रक्कम आणि ठेकेदाराच्या नावासह. यादी आली की दुसरा अर्ज नेमका होतो. महिना जास्त जातो, पण आंधळी कोशिंबीर खेळण्यापेक्षा बरं.

अर्जातला "कालावधी" हा रकाना लोक "आजपर्यंत" लिहून मोकळे होतात. तसं नको. "1 एप्रिल 2023 ते 31 मार्च 2024" असं आर्थिक वर्ष धरून लिहा. मार्चअखेर बिलं काढायची घाई सगळीकडंच असते, त्यामुळं काम एका वर्षातलं आणि बिल दुसऱ्या वर्षातलं, असंही निघतं. शंका असेल तर दोन्ही वर्षं धरा.

राज्याच्या माहिती अधिकार नियमांतल्या 2012 च्या दुरुस्तीनं आणखी एक पाचर मारून ठेवलीय. एका अर्जात एकच विषय, आणि मजकूर साधारण 150 शब्दांच्या आत. गट्टू, गटार, ओपन जिम आणि स्वागत कमान एकाच अर्जात घातलीत तर एकाच विषयाचं उत्तर येईल. चार कामं म्हणजे चार अर्ज, चाळीस रुपये. पैशाकडं बघू नका, वेळ वाचतो.

प्रश्न "का" नं सुरू करू नका. "चांगला रस्ता का उखडला?" याचं उत्तर कागदावर नसतं आणि नवी माहिती तयार करून द्यायला माहिती अधिकारी बांधील नाही. सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्ये हे स्पष्ट केलंय. त्याऐवजी त्या फाइलमधली टिप्पणी मागा. उखडायचं कारण कुणीतरी तिथं सहीनिशी लिहिलेलं असतं, किंवा लिहिलेलं नसतं, आणि तेही तुमच्या कामाचंच. मी वर्णनाच्या रकान्यात साधारण असं लिहून देतो:

"सदर कामाची प्रशासकीय व तांत्रिक मान्यता, अंदाजपत्रक, मंजूर टिप्पणी, निविदा किंवा दरपत्रके व त्यांचा तुलनात्मक तक्ता, कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेतील संबंधित पाने, साहित्य चाचणी अहवाल, अदा केलेली देयके, दोष दायित्व कालावधी दर्शविणारे कागदपत्र आणि याच ठिकाणी मागील पाच वर्षांत झालेल्या कामांचे कार्यादेश, यांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात."

यातल्या शेवटच्या दोन गोष्टी विसरू नका. दोष दायित्व कालावधी म्हणजे काम खराब झालं तर ठेकेदारानं स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करायची मुदत. ती चालू असताना त्याच जागेवर पालिकेच्या पैशानं नवं काम निघालं असेल, तर दोन कार्यादेश शेजारी ठेवले की पुरे, भाषण करावं लागत नाही. तुलनात्मक तक्ताही नीट वाचा. तीन दरपत्रकं तीन फर्मची आणि पत्ता एकच, किंवा तिन्हींत शुद्धलेखनाची एकच चूक, असं दिसलं तर काय समजायचं ते समजा. एकाच रस्त्याचे तुकडे पाडून चार छोटी कामं केलेली असतात, म्हणजे ई-निविदेची मर्यादा ओलांडली जात नाही. तारखा आणि "घरापासून घरापर्यंत" हे शब्द जुळवून बघितले की ते लक्षात येतं. टिप्पणीत "67(3)(क)" दिसलं तर तिथं थांबा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातलं हे कलम तातडीच्या कामांसाठी आहे. कोसळलेल्या भिंतीला ते लागू पडतं, कमानीला कसं पडलं ते टिप्पणीतच बघावं लागेल.

अर्ज कुणाकडं द्यायचा यावरही बरेच आठवडे जातात. छोटं काम बहुधा झोन कार्यालयाकडं, मोठे रस्ते नगर अभियंत्याकडं, पाणी-ड्रेनेजचा विभाग वेगळा. स्मार्ट सिटीतली कामं महापालिकेची नव्हेत, ती सोलापूर सिटी डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन लिमिटेड या वेगळ्या कंपनीनं केलेली आहेत आणि तिचा माहिती अधिकारी वेगळा. चुकीच्या ठिकाणी गेला तर अर्ज पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा, असं कलम 6(3) सांगतं. एका कार्यालयानं ओळखीच्या माणसाचा अर्ज "आमच्याशी संबंधित नाही" म्हणून परत दिला होता. असं झालं तर परत घेऊ नका. पोच दाखवा आणि 6(3) प्रमाणे वर्ग करा म्हणा.

आता तारखा. सगळ्यात जास्त लोक इथं हरतात. उत्तराची मुदत 30 दिवस, अर्ज मिळाल्यापासून. वर्ग झाला तर पाच दिवस धरून 35. मध्ये "इतके पैसे भरा" असं पत्र आलं तर पत्र निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस मोजले जात नाहीत. प्रत पानाला दोन रुपये. पत्र हातात पडलं की त्याच आठवड्यात भरा. मुदत उलटून गेल्यावर मात्र माहिती फुकट द्यावी लागते, कलम 7(6). त्यानंतर शुल्काचं पत्र आलं तर भरू नका, अपिलात दाखवा.

उत्तरच आलं नाही तर? भले भले लोक वाट बघत बसतात. चार महिन्यांनी येतात आणि म्हणतात, "साहेब म्हणाले करतो." पहिलं अपील, म्हणजे माहिती अधिकाऱ्याच्या वरच्या अधिकाऱ्याकडं केलेली दाद, उत्तर मिळाल्यापासून किंवा मुदत संपल्यापासून 30 दिवसांत करायचं असतं, साहेबांच्या शब्दाला तिथं किंमत नाही. उशीर झालाच तर सबळ कारण लिहून करता येतं, पण मग आधी त्या कारणावर वाद. पोच मिळाली त्याच दिवशी कालनिर्णयवर दोन खुणा करा, एक तिसाव्या दिवसाला, एक साठाव्या.

ठेकेदाराची कागदपत्रं मागितली की "त्रयस्थ पक्ष" हा शब्द निघतो. तेव्हा कलम 11 लागतं: पाच दिवसांत ठेकेदाराला नोटीस, त्याला म्हणणं मांडायला दहा दिवस, आणि एकूण निर्णय 40 दिवसांत. ठेकेदारानं "देऊ नका" म्हटलं म्हणून नकार देता येत नाही, निर्णय अधिकाऱ्याचा असतो. "वैयक्तिक माहिती" म्हणत 8(1)(जे) पुढं करणारेही भेटतील. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानं ते कलम बदलून जास्त कडक केलंय, म्हणून पॅन, बँक खातं, घरचा पत्ता असलं मागूच नका. व्यापक जनहित असेल तर माहिती देता येते हे कलम 8(2) अजून शाबूत आहे, अपिलात त्याचा उल्लेख करा. भाच्याचं नातं मात्र माहिती अधिकारात सिद्ध होत नाही. नगरसेवकाचा ठेक्यात प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध असेल तर महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 10 प्रमाणे तो अपात्र ठरू शकतो, पण ती लढाई वेगळी आणि पुराव्याची. तुम्ही फक्त कागद गोळा करा.

आणि कुणालाच न सापडणारा कागद म्हणजे मोजमाप पुस्तिका, एमबी. किती लांब, किती रुंद, किती जाड काम झालं ते तिच्यात असतं, आणि बिल तिच्यावरच निघतं. म्हणूनच ती "लेखापरीक्षणाला गेली आहे" किंवा "शोध घेऊनही आढळून येत नाही". बिल निघालंय आणि एमबी नाही, हे कसं काय हो? ऑडिटला गेली असेल तर पाठवल्याच्या जावक नोंदीची प्रत मागा. सापडत नसेल तर ती नष्ट केल्याचा आदेश किंवा हरवल्याची पोलिसांत दिलेली फिर्याद मागा. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, 2005 मध्ये कागद बेकायदा नष्ट करण्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. अपिलात एवढी ओळ लिहिल्यावर एका जागी तीच एमबी दोन आठवड्यांत सापडली, कपाटामागं पडली होती म्हणे.

अर्जाच्या आधी एक सोपी वाट आहे, फारसं कुणी वापरत नाही. राज्य सरकारच्या 26 नोव्हेंबर 2018 च्या निर्णयाप्रमाणे महापालिकेसारख्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 नागरिकांना दप्तर बघू द्यायचं आहे. सोमवारी सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. फाइल डोळ्यांनी बघितली की कुठली पानं मागायची ते कळतं, सहाशे पानांचे बाराशे रुपये वाचतात. जाताना पेन्सिल न्या. 2012 च्या नियमांनुसार अवलोकनाला फक्त पेन्सिलच जवळ ठेवता येते, पेन जमा करून घेतात. निर्णयाची प्रत खिशात असू द्या, कारण काउंटरवर "असा काही नियम नाही" हे पहिलं उत्तर येतं.

कायद्यात साहित्याचा प्रमाणित नमुना घ्यायचाही हक्क आहे, कलम 2(जे). म्हणजे रस्त्यातून काढलेला काँक्रिटचा नमुनासुद्धा मागता येतो. मागणारा क्वचित दिसतो. अंदाजपत्रकात एम-30 दर्जाचं काँक्रिट आणि बोटानं टोकरलं तरी वाळू निघते, अशा ठिकाणी हाच अर्ज करा, पण तो वेगळा करा, प्रतींच्या अर्जात घालू नका.

पहिलं अपील जोडपत्र 'ब', दुसरं जोडपत्र 'क', दोन्हींना वीस-वीस रुपयांचा स्टॅम्प. पहिल्या अपिलाचा निर्णय 30 दिवसांत, कारण नोंदवून फार तर 45. सुनावणीला स्वतः जा. गैरहजर राहिलात तर "अर्जदार अनुपस्थित" एवढंच लिहून बरेचदा उरकतं. दुसरं अपील 90 दिवसांत, राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडं. तिथं तारीख यायला फार वेळ लागतो, वर्ष-दीड वर्ष धरूनच चाला. दिवसाला 250 आणि जास्तीत जास्त 25 हजारांचा दंड आयोगच करू शकतो, म्हणून अपिलात कलम 20 ची मागणी आधीच लिहून ठेवा. अर्ज, पोच, पाकिटावरचा टपालाचा शिक्का, पहिल्या अपिलाचा आदेश, सगळ्याच्या दोन झेरॉक्स काढा आणि एक संच घरात ठेवा.