जुनं टोरांटो: शिळाछाप कोणती, फोटो कोणता?

ओंटारिओ सरोवराच्या काठावरच्या टोरांटोचा 'जुना फोटो' म्हणून जे चित्र हातात येतं, तो कित्येकदा फोटो नसतोच. उंचावरून दिसणारं गाव, मागे पाणी, तपकिरी छटा. एवढं जुळलं की आपण फोटो म्हणून मोकळे होतो.

एडविन व्हाइटफील्ड या चित्रकाराचं १८५४ चं टोरांटो ही शिळाछाप आहे. तुरुंगाच्या छतावरून दिसणारं गाव, असं तिच्या शीर्षकातच म्हटलंय. दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचं, दगड ओला करायचा आणि वरून शाईचा रूळ फिरवायचा. तेलकट रेषा शाई धरते, ओला दगड धरत नाही. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मुंबईत पंचांग छापलं ते याच रीतीने.

फोटो आहेत आर्मस्ट्राँग, बिअर आणि हाइम या मंडळींचे. १८५६ च्या सुमारास रॉसिन हाउस हॉटेलच्या गच्चीवरून त्यांनी चहूकडचं गाव टिपलं. रेल्वे नुकती आली होती, वस्ती वाढत होती (१८५१ मध्ये ३०,७७५, दहा वर्षांनी ४४,८२१) आणि कॅनडाची राजधानी कुठे करायची याचा वाद चालू होता. टोरांटोची बाजू मांडायला हे फोटो ब्रिटिश सरकारकडे लंडनला गेले. राजधानी मिळाली ओटावाला. फोटो लंडनच्याच सरकारी ग्रंथालयात पडून राहिले, ते १९७९ मध्ये सापडले.

ओळखायचं कसं? आधी आभाळ बघा. त्या काळी फोटो रसायन लावलेल्या ओल्या काचेवर घेत; ती काच निळ्या रंगाला फार संवेदनशील असायची, त्यामुळे आभाळ जळून कोरं पांढरं उमटायचं. शिळाछापेत ढग असतात, छान पिंजलेले. मग सांधे बघा. काचेवर रसायन ओतायचं, ती ओली असतानाच फोटो काढायचा आणि लगेच धुवायची. एका काचेत सगळं गाव मावणार कसं? टोरांटोचा हा देखावा तेरा फोटो शेजारी शेजारी लावून होतो. शिळाछाप मात्र एकसंध, कुठेही शिवण नाही.

माणसांच्या बाबतीत दोघंही थापा मारतात, उलट्या दिशांनी. गावाची अशी चित्रं लोकांकडून आगाऊ वर्गणी घेऊन छापली जात. पैसे भरणाऱ्याला आपलं गाव भरलेलं दिसायला हवं, म्हणून बंदरात शिडंच शिडं, रस्त्यावर बग्ग्या. फोटोत काच काही सेकंद उघडी राहायची. चालता माणूस पुसट व्हायचा नाहीतर पार गायब. त्यामुळे वाढतं गाव ओस पडल्यासारखं दिसतं. तरी मला निवड करायला सांगितली तर मी फोटोच घेईन. परसातल्या पडव्या आणि धुराडी चित्रात काढा, असं कोणी वर्गणीदार सांगत नाही. फोटोत ती आपसूक येतात.

भिंग लावायचं तर मूळ प्रतीवरच लावा. तिथे शिळाछापेत खडूचा खरबरीत कण दिसतो, फोटोत छटा गुळगुळीत उतरत जाते. कॅलेंडरवरच्या नकलेत दोन्हींचे सारखेच छपाईचे ठिपके झालेले असतात. तिथे परत आभाळाकडेच बघावं लागतं.